मेंढीचा चीक, माणसाचा चीक

आई,

काल तुझा दहावा झाला. आपल्या दत्तानं पिंड ठेवून हात जोडले न जोडले तोच कावळा खाली उतरला. लोकांनी समाधानानं माना हलवल्या. "म्हातारीचं काय बी राहिलं न्हवतं," असं कुणीतरी म्हणालं. मी बायकांत मागं उभी होते. मला हसू आलं, ते पदराआड लपवावं लागलं. तुझं काही राहिलं नसेल, माझं राहिलंय.

मग श्रद्धांजलीची भाषणं झाली. अर्ध्या कोऱ्हाळे गावानं तुला माऊली करून टाकलं. एकानं सांगितलं, तू रानोमाळ मेंढरं हिंडवून संसार उभा केलास. दुसऱ्यानं सांगितलं, कालव्याचं पाणी आल्यावर तू आबांच्या बरोबरीनं ऊस लावलास, पोरांना शिकवलंस, लेक तर विज्ञानाची बाई झाली. सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, कंठ दाटून आला. तो दाटला नव्हता. तोंड उघडलं असतं तर जे बाहेर आलं असतं ते चारचौघांत बोलण्याजोगं नव्हतं, म्हणून गप्प बसले. आता इथं बोलते. इथं तू मधूनच उठून शेळीला पाला टाकायला जाऊ शकत नाहीस.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती. एकदा म्हणायचं होतंस की, मंगे, चुकलं माझं. इतकी वर्षं मी तेवढंच मागत होते, कधी तोंडानं, कधी रुसून, कधी सणाला माहेरी यायचं टाळून. दवाखान्यानं हात टेकले आणि बारामतीहून तुला जीपमध्ये घालून घरी आणलं, तेव्हासुद्धा मी सगळ्या रस्ताभर तुझ्या तोंडाकडं बघत होते. वाटलं, आता तरी म्हणशील. तू पाणी मागितलंस, आणि जीपवाल्याला गाडी हळू घ्यायला सांगितलंस.

तू अडाणी असतीस तर मी कधीच सोडून दिलं असतं. तू अडाणी नव्हतीस, हीच माझी तक्रार आहे.

मी सहावीत असेन. आपली मेंढरं तेव्हा अजून होती. भर दुपारी पडीक रानात एक मेंढी व्याली, पहिलारू होती. ती कोकराकडं बघेना, त्याला तसंच टाकून चालायला लागली. तू तिला ओढून मांडीखाली दाबलंस, सड अंगठ्यानं चोळलास, त्याच्या तोंडाशी बसलेला मळ निघून जावा म्हणून पहिली धार भुईवर सोडलीस आणि मग कोकराची हनुवटी बोटानं खाली दाबून सड त्याच्या तोंडात दिलास. घट्ट, पिवळं दूध होतं ते. व्याल्यावरचं पहिलं दूध, चीक. मी म्हटलं, "आय, ह्ये दूध नासलंय वाटतं." तू माझ्या टाळक्यात टपली मारलीस. "नासलंय तुजं त्वांड. ह्यो चीक पोटात गेला तर कोकरू जगतं. न्हाय गेला तर त्येची माती."

आई मेलेल्या कोकराला तू दुसऱ्या मेंढीचा चीक पाजायचीस. ती दुसरी मेंढी त्याला जवळ करत नसेल तर तिच्या वारेचं पाणी त्याच्या अंगाला फासायचीस, म्हणजे तिला ते आपलंच वाटायचं. पुढं दारात म्हैस आली. ती व्याली की आबा खरवसाची वाट बघत बसायचे आणि तू त्यांना चिकाला हात लावू द्यायची नाहीस. रेडकाचं पोट भरलं, ते आपणहून बाजूला झालं, की मग उरलेला चीक आमचा. "आधी त्येचं, मग तुमचं," असं तू आबांना सुनवायचीस. आबा तुझ्यापुढं कधी बोलले नाहीत. मी बारामतीला बीएस्सीला गेले तेव्हा पुस्तकात तेच वाचलं, की चिकात रोगाशी झुंजणारी द्रव्यं असतात आणि जन्मल्यानंतर पहिल्या काही तासांत ती पिल्लाच्या पोटात जायला हवीत. वसतिगृहातल्या मुलींना मी फुशारकीनं सांगितलं होतं, की आमच्या आईला हे सगळं ठाऊक आहे. आता ते आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

लग्न होऊन मी अंथुर्ण्याला गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. सातव्या महिन्यात तू येऊन, ओटी भरून मला घेऊन गेलीस. खरं सांगायचं तर मी आनंदानं आले. तू माझ्या पायाला तेल चोळलंस, मला आवडतो म्हणून रोज पाट्यावर ठेचा वाटलास, आबांच्या खोकल्याचा आवाजसुद्धा माझ्या खोलीपाशी येऊ दिला नाहीस. गावातली सुईण आली आणि मधल्या खोलीत मला मुलगी झाली. चांगली ठणठणीत रडली. रंगानं आबांवर गेली होती. मी हात पुढं केले. सुईणीनं तिला पुसून तुझ्याकडं दिलं, आणि तू तिला घेऊन उंबऱ्याबाहेर निघालीस.

मी भांडले होते. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण नंतर तू चारचौघींत सांगायचीस की मंगीची बी तवा ना न्हवती.

"आय, तिला हिकडं आण. पाजायचं हाय," मी म्हटलं.

"तिसऱ्या दिशी. दूध उतरलं की."

"उतरलंय. बघ की, चीक आलाय."

"त्यो घाण असतोय. नऊ म्हयनं साठून नासलेला. पिळून टाकायचा असतोय."

"कोकराला लगीच पाजतीस की."

तू दारात थांबलीस. मागं वळून माझ्याकडं असं बघितलंस, जसा काही मला बाळंतपणात वात झालाय. "ते कोकरू हाय, मंगे. ही तुजी लेक हाय. मानसाच्या पोराला जनावराचा न्याय लावतीस व्हय?"

सुईणीनं माझी छाती पिळली. चुलीतली राख घमेल्यात घालून खाली ठेवली होती, तिच्यावर तो चीक पडत होता. तसाच घट्ट, तसाच पिवळा. घमेलं उकिरड्यावर गेलं. पलीकडच्या खोलीत तुझ्या मांडीवर माझी मुलगी गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा चोखत होती. तिचं तोंड हलल्याचा आवाज मला भिंतीतून ऐकू येत होता. छाती तडतडत होती आणि दार तू ओढून घेतलं होतंस.

तिसऱ्या दिवशी तू तिला माझ्याकडं दिलीस, थाटात दिलीस. ती ओढेना. तिला जुलाब लागले होते. तू ओव्याचा शेक दिलास, दृष्ट काढलीस, पाचवीला पाटा पुजलास आणि सटवाईला बाळाच्या कपाळी चांगलं लिहू दे म्हणून विनवलंस. मी दत्ताला हाका मारमारून शेजाऱ्यांचा भाजीचा टेंपो काढायला लावला. वांग्यांच्या पाट्यांमध्ये बसून आपण बारामतीला गेलो. डॉक्टरांनी तिला हातात घेतलं, कातडी चिमटीत धरून बघितली आणि विचारलं, जन्मल्यावर पहिलं दूध कधी पाजलं? मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. "समदं रीतीनं केलंय, डाक्टरसायब." तुला खोटं बोललीस असं म्हणता येत नाही. रीतीनंच केलं होतंस.

ती तिथंच गेली. बारसं झालं नव्हतं, त्यामुळं तिला हाक मारायलासुद्धा माझ्याजवळ काही नाही. परत येताना टेंपोत तू माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणालीस, "सटवाईनं तेवढंच लिवलं हुतं गं." मी तुझा हात झटकला. तो मी पुन्हा पाठीवर येऊ दिला नाही.

मी विज्ञान शिकवते, तेव्हा जे खरं आहे तेही सांगितलं पाहिजे. ती चीक न मिळाल्यामुळंच गेली, हे मी सिद्ध करू शकत नाही. बोळ्याच्या पाण्यानं गेली असेल. चीक पिऊनही मुलं दगावतात आणि न पिताही जगतात. माझाही चीक तू टाकलाच होतास आणि मी घोड्यासारखी वाढले, हे तू मला किती वेळा ऐकवलंस त्याला गणती नाही. पण तिच्या बाजूनं उभं राहील असं त्या घरात एकच काहीतरी होतं, ते माझ्या अंगात होतं, आणि ते तू राखेवर टाकलंस. मला राग यायला एवढं पुरेसं आहे.

पुढच्या वर्षी मला अंथुर्ण्यातच शाळेत नोकरी लागली. नववीला प्राण्यांचं वर्गीकरण. नशिबाची थट्टा म्हणतात ती हीच असावी, वर्षभरात मी पोटच्या पोरीला पुरून आले होते आणि फळ्यावर लिहीत होते, मानव हा सस्तन प्राणी आहे, कारणे द्या.

तू कुणाच्या तरी लग्नाला इंदापूरला आली होतीस, तिथून दोन दिवस माझ्याकडं राहिलीस. संध्याकाळी ओट्यावर माझी शिकवणी चालायची. मी विचारलं, माणूस सस्तन का? पोरं एका सुरात सांगू लागली. अंगावर केस असतात. बाहेर ऊन असो की थंडी, रक्त गरम राहतं. छाती आणि पोट यांच्या मधे श्वासाचा पडदा असतो. कानात तीन बारीक हाडं असतात. मादी पिल्लाला जन्म देते आणि अंगावरचं दूध पाजते. तू दाराशी बसून शेंगा फोडत होतीस. फोडायचा आवाज थांबला.

पोरं गेल्यावर तू सुरू झालीस.

"ह्ये काय शिकवतीस त्यांस्नी? मानूस जनावर हाय म्हनून?"

"पुस्तकात हाय."

"पुस्तक लिवनाऱ्याची आय मेंढी आसंल."

वाक्य चांगलं होतं. दुसरी कुणी बोलली असती तर मी पोट धरून हसले असते.

"कुणाकुणाच्या पंगतीला बसवलंस आपल्याला?" तू विचारलंस.

"मेंढी, गाय, वाघ, वटवाघूळ, देवमासा."

"आता मासा बी?"

"त्यो मासा न्हाय. देवमाशाची मादी पिल्लाला दूध पाजती."

"मोर घ्यायचा की मग. मोर किती देखना हाय. मोराच्या पंगतीला बसलो आसतो तर कुनाला लाज वाटली नसती."

"मोर दूध पाजत न्हाय."

"दूध, दूध, दूध. मानूस बोलतंय, कापडं नेसतंय, देवाला हात जोडतंय, मेल्याला अग्नी देतंय. त्या पुस्तकवाल्याला ते दिसलं न्हाय, त्येला ह्येच बरं दिसलं." तू पदर सारखा केलास. पोरांसमोर असले शब्द मी उच्चारते म्हणून तुला माझी लाजही वाटत होती.

मी तुला समजावून सांगायला लागले होते. सुरुवातीला तरी शांतपणे. म्हटलं, बोलणं, कापडं, देव हे सगळं नंतरचं. पोर जन्माला येतं तेव्हा त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही, अंग थंड पडायला लागतं. त्या वेळी त्याला आईच्या अंगाची ऊब लागते आणि आईच्या अंगातलं दूध. मेंढीचं तसंच, माणसाचं तसंच. या वर्गाचं नाव केसांवरून ठेवता आलं असतं, कानातल्या हाडांवरून ठेवता आलं असतं, पण ठेवलं ते दुधावरून. यात अपमान कसला, आय? तू म्हणालीस, "आमी मेंढरं राखली. मेंढरं झालो न्हाय."

तेव्हा माझा तोल गेला. "ह्या समद्या पंगतीत एकच आय अशी हाय," मी म्हटलं, "जी पोराला पयलं दूध दिऊ देत न्हाय. देवमाशाला ते जमलं, वटवाघळाला जमलं. तुला जमलं न्हाय."

तू सुपातल्या शेंगा गोळा केल्यास, टरफलं वेगळी केलीस, दाणे डब्यात भरून झाकण लावलंस. मग विचारलंस, "बारामतीची एसटी सकाळी कितीला हाय?" सकाळी मी उठले तेव्हा तू पिशवी घेऊन ओट्यावर बसली होतीस. जावई सोडायला निघाले, तर त्यांनाही नको म्हणालीस.

त्यानंतर तू माझ्याबद्दल पाहुण्यारावळ्यांत काय बोलायचीस ते सगळं माझ्या कानावर येत होतं. शिकून डोकं फिरलं. मानसाची मेंढरं केली. आयला जनावर म्हनती. मीही काही कमी केलं नाही. लागोपाठ दोन दिवाळ्या मी आले नाही आणि भाऊबीजेला दत्तालाच अंथुर्ण्याला बोलावलं. तो बिचारा आपल्या दोघींच्या मधे मोटारसायकलवरून निरोप पोचवत राहिला. तुझा निरोप नेहमी एकच असायचा, तिला म्हनावं येऊन जा. चुकलं, हा शब्द एकाही निरोपात नव्हता.

मला पुन्हा दिवस गेले. या खेपेला मी माहेरी आले नाही. दुसरं बाळंतपण सासरचं, असं लोकांना सांगितलं. खरं कारण तुला माहीत होतं. बारामतीच्या दवाखान्यात नाव घातलं, मुलगा झाला आणि नर्सनं त्याला पुसून सरळ माझ्या छातीवर ठेवला. तू डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आलीस तेव्हा तो ओढायला बघत होता आणि त्याला जमत नव्हतं. तू खाटेशी उभी राहून बघत राहिलीस.

"मेंढरावानी," तू म्हणालीस.

"व्हय. मेंढरावानी," मी म्हटलं.

तो तोंड लावायचा, सुटायचा, रडायचा. नर्स पलीकडच्या बाईकडं गेली होती. हाही उपाशी राहणार असं मनात आलं. मग तू कोपऱ्यातल्या नळावर हात धुतलेस. काही न बोलता पुढं आलीस, त्याचं डोकं पंजात धरलंस, बोटानं हनुवटी खाली दाबलीस आणि त्याला माझ्या अंगाला लावलंस. तो ओढायला लागला. घोट उतरल्याचा आवाज यायला लागला. तू जराशी थांबून तो ऐकलास. "डबा टेबलावर ठिवलाय," असं म्हणालीस आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसलीस.

त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे लिहायला जिवावर येतंय, पण आहे. त्या दिवशी तू नसतीस तर मी काय केलं असतं कोण जाणे. नंतर महिनाभर तू अंथुर्ण्याला राहिलीस, त्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंस, शेक-शेगडी केलीस, माझ्या सासूबाईंनाही हात लावू दिला नाहीस. त्याला कोकरू म्हणायचीस. "माजं कोकरू, माजं कोकरू," दिवसभर तेच. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि दात आवळायची. माझ्या मुलीला तू कोकरू म्हटलं असतंस तर तिला चीक मिळाला असता. त्या महिन्यात आपण दोघी एका चुलीशी बसलो, एका ताटात जेवलो, तुझी बोटं बोलली होती ते मला कळलंही होतं. पण बोटांचं बोलणं मी धरत नाही, आई. तू एवढी तोंडाची फटकळ, बाजारात व्यापाऱ्याला घाम फोडणारी, तुला एक वाक्य जड झालं?

तुझ्या आजारपणात मी दर शनिवारी शाळा सुटली की यायची. तुझी वाचा शेवटपर्यंत शाबूत होती, त्यामुळं बोलता येत नव्हतं ही सबबसुद्धा तुला नाही. एकदा दुपारी घरात आपण दोघीच होतो. मी तुझे केस विंचरत होते. सरळच विचारलं.

"आय, त्या पोरीचं कधी मनात येतं का गं?"

तू भिंतीकडं तोंड केलंस. मग म्हणालीस, "उसाचं पाणी आज कुणी धरलंय?"

"दत्तानं."

"शेवटच्या सरीपतोर न्हे म्हनावं. तिकडं वाळतोय."

मी फणी खाली ठेवली आणि उठले. तू गेलीस तेव्हा मला रडू आलं नाही. आत्या, मावश्या माझ्याकडं बघून कुजबुजत होत्या, लेकीच्या डोळ्यात टिपूस न्हाय म्हणून. त्यांचं बरोबर होतं. मी तुझ्या पायांना हळद-कुंकू लावलं, तुला नवं लुगडं नेसवलं आणि मनात एवढंच म्हटलं, की सुटलीस.

हे सगळं इथंच संपलं असतं. मी आजच अंथुर्ण्याला परत गेले असते. पण काल पाहुणे पांगल्यावर मी माजघरात सवितापाशी बसले. दत्ताची ही बायको तुझ्या हाताखाली इतकी वर्षं नांदली, तुझ्याबद्दल कधी उणा शब्द बोलली नाही. तिची धाकटी अजून वर्षाची व्हायची आहे. ती तिला पाजत होती. मला राहवलं नाही.

"हिच्या वक्ताला बी चीक राखंवर टाकला आसंल," मी म्हटलं. "आयची रीत."

सवितानं चमकून वर बघितलं. "टाकला? न्हाय वन्सं. आत्याबाय तर नर्सबायच्या आदी खाटंपाशी. पाज, लगीच पाज, त्येचा एक थेंब वाया घालवू नगंस, आसं चाललं हुतं त्यांचं. थोरल्याच्या वक्ताला बी तसंच."

"कुणाचं? आपल्या आयचं?"

"मंग कुनाचं? आळीत कुनी बाळंत झाली की ह्या न बोलावता जायाच्या. सुईनीसंगं तर कायमचं वाकडं झालं. तिला म्हनल्या हुत्या, पुन्ना राखंवर टाकलास तर तुजं हात मोडीन. वस्तीवरच्या बायका तर पोट दिसाया लागलं की त्यांनाच इचाराया यायच्या." ती माझ्याकडं बघायला लागली. "तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. सगळ्या कोऱ्हाळ्याला ठाऊक होतं. भाषण करणाऱ्यांनाही असेल, पण दहाव्याला माईकवर असलं कोण बोलणार. दत्ताला ठाऊक होतं आणि त्याला वाटलं, मला माहीतच असणार.

"म्या इचारलं हुतं त्यांस्नी," सविता पोरीच्या तोंडावरचा पदर नीट करत म्हणाली. "म्हनलं, आत्याबाय, समद्या म्हाताऱ्या टाक म्हनत्यात, तुमीच कशा पाज म्हनताय? तर म्हनल्या, माज्या हातनं एक पोर गेली. मी सोता टाकला."

मी तिला ते पुन्हा सांगायला लावलं. तिनं सांगितलं. शब्द तेच होते.

"मंग मला का न्हाय बोलली?"

सविताला बोलावं की नको असं झालं होतं. "म्या म्हनलं हुतं, वन्संस्नी सांगा. तर म्हनल्या, तिला कळू दिऊ नगंस. ती म्हनंल, मी सांगत हुते."

त्यानंतर मी तिथं बसू शकले नाही. मागं उसाच्या बांधावर जाऊन उभी राहिले.

म्हणजे तुला पटलं होतं. माझ्या मुलाच्या वेळी पटलं की त्याच्याही आधी, ते सविताला सांगता आलं नाही. कदाचित टेंपोतच पटलं असेल, माझ्या पाठीवर हात ठेवलास तेव्हा. तू सुईणीशी वैर घेतलंस, म्हाताऱ्या बायकांच्या शिव्या खाल्ल्यास, वस्त्यांवर पायपीट केलीस. माणसाचं पोरही कोकरासारखंच असतं हे तू घरोघरी जाऊन शिकवलंस, मी शाळेत फळ्यासमोर शिकवते त्याहून बरं शिकवलंस. त्यातली काही पोरं आज अंगणात खेळत असतील. हे चांगलं केलंस, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या हक्काचं ते वाक्य तू गावभर वाटलंस. सुनेला दिलंस, शेजारणीला दिलंस, ज्यांचं काहीच गेलं नव्हतं त्यांना दिलंस. माझ्यापर्यंत ते आलं ते तुझ्या दहाव्याला, दुसरीच्या तोंडून, आणि तेही तू बजावून ठेवलेलं मोडून.

हो, मी म्हटलं असतं. मी सांगत होते, असं म्हटलं असतं, तुझ्या तोंडावर म्हटलं असतं, पुन्हापुन्हा म्हटलं असतं. ओरडले असते, शेजारीपाजारी जमले असते. तेवढं तुला खाली मान घालून ऐकून घ्यावं लागलं असतं. मग केव्हातरी मी दमले असते आणि तुझ्या मांडीत तोंड घालून माझ्या मुलीसाठी रडले असते. ती तुझीही नात होती, तूही रडली असतीस. माझं एवढंसं बोलणं तुला ऐकायचं नव्हतं, म्हणून तू तिच्यासाठी कोऱ्हाळ्यात एकटी रडलीस आणि मी अंथुर्ण्यात एकटी. चीक टाकलास ते एक वेळ मी तुला माफ केलं असतं, आई. हे करत नाही.